पावाच्या पेटीतला वारा

पावाच्या पेटीत पाव सोडून दुसरं काही ठेवू नये, हे बायकोचं, देसांकाबाईंचं, साधं म्हणणं ओब्रेन मास्तरांनी त्या जून महिन्यात ऐकलं असतं, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मास्तरांनी छत्तीस वर्षं त्रेबिन्ये गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना उष्णता शिकवली, तो स्वतःच्या घरात कुणाचं ऐकत नसतो.

पेटी देसांकाबाईंच्या आईची. अक्रोडाच्या लाकडाची, समोर सरकतं झाकण, आत दोन पाव जेमतेम बसतील एवढी. मास्तरांनी तिच्यात अख्खा कॉम्प्युटर बसवला. त्यालाही कारण होतं. बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर एका बाजूला घरच्या संताची तसबीर, दुसऱ्या बाजूला जुना टीव्ही, आणि मधे जागा बरोबर एका पेटीची.

"कॉम्प्युटर काय हवा तो करा," देसांकाबाईंनी बजावलं होतं, "पण संत हलणार नाही आणि टीव्हीही हलणार नाही."

सुटे भाग लेकीने पाठवले होते. नेव्हेना तिकडे उत्तरेला, तालिनला राहायची. पार्सलात चिठ्ठी होती: 'बाबा, निवृत्त झाल्यापासून तुम्ही आईला पीठ कसं मळायचं ते शिकवताय म्हणे. त्यापेक्षा हे जोडा.' मास्तरांनी ते जोडलं. चार दिवस जेवणाच्या टेबलावर कुणाला ताट ठेवू दिलं नाही. पाचव्या दिवशी बटण दाबलं आणि टीव्हीवर उजेड पडला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी नकळत टोपी काढली. एवढ्याशा पेटीत, जिथे काल शिळ्या पावाचा चुरा होता, तिथे आज जग मावलं होतं!

जग अकरा मिनिटं मावलं. मग टीव्ही काळा झाला.

आता हे अकरा मिनिटांचं प्रकरण साधं नव्हतं. एकोणीस जुलैला, रविवारी दुपारी चार वाजता, नेव्हेना साठ जणांच्या गायकवृंदापुढे पहिल्यांदा उभी राहणार होती. गाणार नव्हती, गाऊन घेणार होती. कार्यक्रम एक तास वीस मिनिटांचा, आणि जगात कुठेही बसून बघता येणार होता. देसांकाबाईंचा खुबा वसंतात बदललेला, तेव्हा एवढा लांबचा प्रवास त्यांना शक्य नव्हता, आणि त्यांना सोडून मास्तरांना. म्हणून मास्तरांनी फोनवर लेकीला शब्द दिला होता, "मी स्वतःच्या हाताने बांधलेल्या यंत्रावर बघेन. मिनिट न् मिनिट."

या शब्दामागे आणखी एक शब्द होता, नऊ वर्षांपूर्वीचा. पोरगी इंजिनियरिंग सोडून संगीताकडे निघाली, तेव्हा मास्तर बस स्टेशनाच्या फलाटावर म्हणाले होते, "हवेत हात हलवून पोट भरत नाही." पोरगी गाडीत बसली. नंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं, सुट्ट्यांत येणं-जाणं झालं, पण तिला हवेत हात हलवताना बापाने एकदाही बघितलं नव्हतं. तिने बोलावलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं.

तर अकरा मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात मास्तरांनी आकडा लावून ठेवला होता. यंत्राचा मेंदू किती तापला ते तो दाखवायचा. सत्तर, ऐंशी, नव्वद, आणि शंभर झाले की यंत्र आपलं आपण डोळे मिटायचं. बाहेर जुलैची एक्केचाळीस डिग्री. घर दगडी, नदीकाठचं, चार बिऱ्हाडांचं. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत देत बसतो. पेटीत बटाटे ठेवले असते तर शिजले असते.

मास्तरांनी समोरच्या बाजूला पंखा बसवला. मागच्या बाजूला, धूळ येऊ नये म्हणून, जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवला. तेरा मिनिटं. मग पहिल्या पंख्याशेजारी दुसरा बसवला. साडेतेरा. तिसरा बसवला तेव्हा घरात विमान उतरल्यासारखा आवाज होऊ लागला आणि मिनिटं झाली बारा. वारा वाढवला की गरमी वाढते, असा नियम छत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचा विदाक खाली आला. विदाकने तीस वर्षं बस चालवलेली. डोंगर चढताना बस तापली की काय करायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"मास्तर, हीटर लावा."

"काय?"

"हीटर. चढावर इंजिन तापलं ना, की मी आतला हीटर सोडायचो. इंजिनाची गरमी प्रवाशांकडे. प्रवासी बोंबलायचे, पण बस कधी बंद पडली नाही."

"विदाक, इथे प्रवासी कोण?"

विदाकने खोलीभर नजर फिरवली. ती देसांकाबाईंवर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. "जाऊ द्या. सरळ माझ्याकडे या ना त्या दिवशी. नवा टीव्ही घेतलाय, पंचावन्न इंची. बटण दाबलं की झालं."

हे शेवटचं वाक्य विदाक पुढे तीन आठवडे रोज म्हणत होता. जिन्यात भेटला की, "पंचावन्न इंची." बाजारात अंजीर निवडताना समोरून, नुसतीच पाच बोटं दोनदा दाखवून. मास्तरांच्या काळजाला घरं पडायची.

तुम्ही म्हणाल, एसी का नाही लावला? होता ना. भिंतीवर होता, त्याला देसांकाबाईंनी शिवलेली फुलाफुलांची खोळ होती, आणि रिमोट लग्नातल्या चांदीच्या चमच्यांबरोबर कुलपात होता. एसी म्हणजे विकत घेतलेला आरपार वारा, असं देसांकाबाईंचं मत. आणि आरपार वारा म्हणजे काय, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या की मधून जो जातो, तो. त्याने मान धरते, कान जातात, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात. विदाकचा काका दोन युद्धांतून धडधाकट परत आला होता आणि परतीच्या आगगाडीत दोन उघड्या खिडक्यांच्या मधे बसला, तो आठवड्यात गेला. मास्तर वर्गात या सगळ्याची टिंगल करायचे. घरी मात्र एक खिडकी उघडण्याआधी दुसरी लावायचे. ती आपली सवय म्हणून.

पुढचा उपाय बर्फाचा. मास्तरांनी पाण्याची बाटली गोठवून पेटीच्या डोक्यावर ठेवली. एकोणीस मिनिटं! मास्तर खुशीत अंगणात फिरून आले. तेवढ्यात बाटलीला घाम सुटला, तो पेटीच्या कडेवरून शेजारच्या तसबिरीच्या चौकटीवर ओघळला आणि संताच्या डाव्या डोळ्याखाली एक थेंब येऊन थांबला. देसांकाबाई काठी टेकत आल्या, त्यांनी ते बघितलं, छातीवर क्रूस केला आणि कुणाला काही न बोलता फक्त शेजारणीला सांगितलं. दुपारी बारापर्यंत खोलीत पाच बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या. मास्तर खरं कारण सांगायला पुढे झाले, पण त्यांच्याकडे असं बघितलं गेलं, की त्यांनीही एक मेणबत्ती लावली. मेणबत्त्यांच्या उष्णतेने यंत्र सात मिनिटांत मिटलं.

मग मास्तरांनी शास्त्राची कास धरली. गरम हवा घराबाहेर काढायची. पेटीच्या झाकणातून एक नळी, नळी भिंतीला भोक पाडून बाहेर. मनगटाएवढी नळी. पण भिंतीला हात लावायचा तर तिहोमिरला विचारावं लागायचं. तिहोमिर तळमजल्यावर राहायचा आणि चार बिऱ्हाडांच्या समितीचा अध्यक्ष होता. समितीला शिक्का होता. चार बिऱ्हाडांत शिक्का मारण्याजोगं वर्षात एखादंच काम निघायचं, त्यामुळे तिहोमिर शिक्का खिशात घेऊनच फिरायचा.

"मास्तर, मी आत्ता मारला असता," तो हळहळून म्हणाला, "पण दर्शनी भिंत आहे. जुनं घर. नगरपालिकेचा कागद लागेल."

नगरपालिकेत खिडकीमागे एक बाई होती. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. मास्तरांना वाटलं, काम झालं. पण तिला मास्तरांनी उष्णतेच्या धड्यात नापास केलं होतं, आणि ते तिच्या लक्षात होतं.

"सर, अर्जात दोनच रकाने आहेत. धुराडं, नाहीतर वातानुकूलन यंत्र. तुमच्या नळीतून काय बाहेर येणार?"

"गरम हवा."

"धूर?"

"नाही."

"मग धुराडं नाही. आत गार हवा येणार?"

"नाही."

"मग वातानुकूलनही नाही." तिने पेन खाली ठेवलं. "सर, जी वस्तू कुठल्याच रकान्यात नाही तिला परवानगी द्यायला समिती बसते. सप्टेंबरात. तोवर धुराडं साफ करणाऱ्याचा दाखला आणून ठेवा."

"धुराडं नाही म्हणतेस ना!"

"म्हणून तर. धुराडं नाही असा दाखला."

मास्तर उन्हातून घरी आले. एकोणीस तारखेला पाच दिवस होते. त्या संध्याकाळी त्यांनी पेटी काखेत मारली आणि तळमजल्यामागच्या अंगणात, स्तोया मावशीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मनात एक शेवटचा, लाजिरवाणा बेत होता.

स्तोया मावशी चौऱ्याऐंशीची. अंगणातल्या दगडी खोपटात ती डुकराच्या मांड्या सुकवायची. तिच्या आईनेही तेच केलं, तिच्या आजीनेही. हिवाळ्यात मीठ, मग धूर, मग महिनोन् महिने वारा. तिच्या हातची मांडी पातळ कापून जिभेवर ठेवली की बोलणारा माणूस गप्प व्हायचा. आणि ते खोपटं म्हणजे भर जुलैत त्या घरातली सगळ्यात गार जागा.

"मावशी," मास्तर म्हणाले, "ही पेटी तुमच्या मांड्यांशेजारी ठेवू का? वायर वर नेईन. पाच दिवसांचाच प्रश्न आहे."

"तुझ्या डब्याची धग माझ्या मांड्यांना लागेल," मावशी म्हणाली. पण दार उघडलं. "आत ये. आणि दार लाव."

आत अंधार होता. वर आढ्याला गेल्या हिवाळ्यातल्या अकरा मांड्या टांगलेल्या, काळ्याभोर, मुक्या. मास्तरांच्या घामेजल्या मानेवरून काहीतरी हळूच गेलं. गार. जोराने नाही, झोपलेल्या पोराच्या श्वासाएवढं. भिंतीत खाली, नदीच्या अंगाला, वीतभर झरोका होता. समोरच्या भिंतीत वर, आढ्याशी, दुसरा. बाहेर पान हलत नव्हतं आणि इथे हवा चालत होती. पंखा नाही, वायर नाही, आवाज नाही. मास्तर तोंड उघडं टाकून उभे राहिले. या घरात ते चाळीस वर्षं राहत होते, मांड्या चाळीस वर्षं खात होते, आणि या दाराच्या आत आज पहिल्यांदा आले होते.

मावशीने एका खिळ्यावरून दोरा काढला. त्याला हंसाचं पांढरं पीस बांधलेलं होतं. "आण इकडे तुझा डबा. दाराशी प्लग आहे, चालू कर. वारा कुठून येतो याच्यात?"

"समोरून. तीन पंखे आहेत."

मावशीने पंख्यांपुढे पीस धरलं. पीस आत ओढलं गेलं, थरथरलं, आणि परत बाहेर फेकलं गेलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दारातूनच परतवलेल्या भिकाऱ्यासारखं.

"आणि जातो कुठून?"

मास्तरांनी पेटीकडे बघितलं. "जातो म्हणजे..."

"आला तो आतच राहतो? भाडं भरतो का?"

"मागे नमदा आहे, मावशी. धुळीसाठी."

मावशीने पेटी फिरवली, नमद्यावरून बोट फिरवलं, आणि मास्तरांकडे बघत राहिली. "ओब्रेन, तू छत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस तरी काय रे?"

तेव्हा मास्तरांना कळलं. धूळ वगैरे काही नव्हतं. समोर भोक पाडलं, त्याच क्षणी त्यांच्या हाताने मागचं भोक बुजवलं होतं. आईने शिकवलं होतं, आजीने शिकवलं होतं: एक खिडकी उघडायची तर दुसरी लावायची. पुस्तकं डोक्यात होती, पण हात आजीचे होते. पावाच्या पेटीला सर्दी होऊ नये म्हणून त्यांनी तिला भाजून काढलं होतं. मास्तरांना आधी लाज वाटली, आणि मग लाजेच्या पलीकडचं काहीतरी. केवढी खोल जाते आजी!

"तरी मावशी," ते म्हणाले, "तुम्ही स्वतः कधी आरपार वाऱ्यात बसत नाही. आणि इथे..."

"माणसाला मारतो तोच वारा मांडीला टिकवतो."

"मांडी मेलेलीच असते."

"म्हणून तर तिला चालतो." मावशीने पीस खिळ्याला लावलं. "समोर खाली भोक. मागे वर. पंखा एक पुरे, दोन काढून टाक. आणि जाण्याचं भोक येण्याच्या भोकापेक्षा मोठं ठेव. पाहुणा असो की वारा, निघाला की त्याला अडवू नये."

आता आईच्या पेटीला मागून मोठं भोक पाडायचं, हे देसांकाबाईंना सांगायचं कुणी? मास्तरांनी जेवताना सांगितलं, मान खाली घालून. देसांकाबाई उठल्या, कॉफीचा कप घेतला, पेटीच्या पाठीवर वरच्या अंगाला पालथा घातला आणि पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला.

"इथे कापा," म्हणाल्या. "वाकडं कापलंत तर बघा."

नीट कापलं. पंखा एकच ठेवला. यंत्र चालू केलं. पंधरा मिनिटं. वीस. अर्धा तास. आकडा चौऱ्याहत्तरावर येऊन बसला आणि तिथेच राहिला. मास्तरांनी मावशीचं पीस मागून आणलं होतं. पेटीमागे धरलं, तर ते सरळ आडवं होऊन खोलीत रोखून राहिलं. रात्री झोपायच्या आधी त्यांनी तीनदा उठून ते बघितलं.

रविवार उजाडला. विदाकने पंचावन्न इंची हार मानली होती, पण बातमी साऱ्या घरात तोच करून आला होता. पावणेचारला बैठकीच्या खोलीत चौदा माणसं होती. तिहोमिर शिक्क्यासकट आला. मावशी आपली खुर्ची घेऊन आली. उन्हासाठी झडपा बंद, आणि खिडक्या अर्थातच बंद. देसांकाबाईंनी कॉफी फिरवली, विदाकने राकीया, फळांची कडक दारू. यंत्र चालू झालं, टीव्हीवर लांबचं एक पांढरं सभागृह उजळलं आणि काळ्या कपड्यांतले साठ लोक ओळीने उभे राहिले.

नेव्हेना आली. मास्तरांनी तिला ओळखलं, पण जरा वेळाने. तिने हात वर केले.

आणि आकडा ब्याऐंशी झाला.

मास्तरांनी घाम पुसला. चौदा माणसं, चौदा शरीरं, सदतीस डिग्रीची एकेक शेगडी. पेटीत वारा होता, पण वारा पिणार काय? खोलीतली हवा. आणि खोलीची आता भट्टी झालेली. अठ्ठ्याऐंशी. दुसरं गाणं सुरू झालं. एक्क्याण्णव. मास्तर गाणं ऐकत नव्हते. त्यांना लेकीचे हात दिसत नव्हते, कोपरा दिसत होता. चौऱ्याण्णव. अजून तासभर शिल्लक.

स्तोया मावशी खुर्चीतून उठली.

"ओब्रेन, ही खोलीपण पेटीच आहे," ती म्हणाली. "नदीकडची खिडकी उघड. आणि रस्त्याकडची."

"दोन्ही?" तिहोमिर.

"दोन्ही."

एकच गलका झाला. "मावशी, माणसं बसलीयेत!" "मान!" "माझा काका!" विदाक तर उभाच राहिला. "तिचा खुबा नवीन आहे, मावशी! डॉक्टरने सांगितलंय जपा म्हणून!"

सगळ्यांनी देसांकाबाईंकडे बघितलं. पडद्यावर आकडा शहाण्णव होता. देसांकाबाई काठीवर जोर देऊन उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि लोकरीच्या कपड्यांची अख्खी ट्रंक ओढत बाहेर आल्या.

"घ्या," म्हणाल्या. "कमरेला आधी."

एक्केचाळीस डिग्रीच्या जुलैत चौदा माणसांनी लोकरीच्या टोप्या घातल्या. शाली गुंडाळल्या. विदाकने मास्तरांचा हिवाळी कोट चढवला, गळपट्टा कानांवरून घेतला आणि टर्किश टॉवेल कमरेला बांधला. तिहोमिरला मिळाली नेव्हेनाची लहानपणची टोपी, वर गोंडा असलेली. मावशीने डोक्याला काळी शाल बांधली, खुर्ची उचलली आणि दोन खिडक्यांच्या अगदी मधोमध नेऊन ठेवली. तिच्याशेजारी देसांकाबाईंनी आपली ठेवली.

मास्तरांनी आधी नदीकडची खिडकी उघडली. मग रस्त्याकडच्या खिडकीच्या कडीला हात घातला, आणि सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा, पहिली न लावता, दुसरी उघडली.

तो आला. डोंगराच्या पोटातून निघालेल्या नदीचा गारवा घेऊन आला. पडदे उठले, मेजावरचा रुमाल उडाला, शालींच्या झालरी एकाच दिशेला वळल्या. चौदा माणसांनी श्वास रोखला. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. नव्वद. त्र्याऐंशी. पुढे किती झालं हे मास्तरांना कधीच कळलं नाही, कारण त्यांची नजर कोपऱ्यातून सुटली आणि पहिल्यांदा लेकीच्या हातांवर गेली.

ती हात वर नेत होती, आणि गाणं सुरू होण्याआधी, अगदी आधी, एक आवाज येत होता. साठ माणसं एकदम श्वास घेत होती. तिने बोटं मिटली की तो थांबायचा, पंजा उघडला की सुटायचा. डावीकडे झुकली की सभागृहाची डावी बाजू भरून यायची. तिचा हात एवढासा खाली आला आणि साठ गळ्यांचा आवाज इतका बारीक झाला, की नदीचा आवाज ऐकू आला. दोरा नव्हता, पीस नव्हतं. तीन आठवडे, तीन पंखे, एक पेटी, आणि वीतभर हवा त्यांचं ऐकत नव्हती.

"वारा ओळखते पोरगी," मावशी पुटपुटली.

पुढचा तासभर कुणी हललं नाही. टाळ्या वाजल्या, नेव्हेना वाकली, पडदा आपणहून निळा झाला. खिडक्या तशाच उघड्या होत्या. विदाक कोटाच्या बाहीला नाक पुसत होता आणि सर्दी झाली म्हणत होता.

फोन वाजला.

"बाबा? मधेच बंद पडला का?"

"नाही."

"सगळं दिसलं?"

"सगळं." मास्तर थांबले. "नेव्हेना, मी स्टेशनावर एक म्हणालो होतो. हवेत हात..."

"आठवतंय मला."

"मी तीन आठवडे हवाच हलवत होतो गं. एक पावाची पेटी. मला नाही जमलं. तू साठ माणसांची हलवलीस."

"बाबा, मागे काय आपटतंय? खिडकी?"

"हो."

"उघडी आहे?"

"दोन्ही उघड्या आहेत."

"दोन्ही? घरात कोण कोण आहे?"

"सगळे. विदाक, तिहोमिर, स्तोया मावशी. आई मधोमध बसलीये."

"आई? कधीपासून?"

"तुझ्या दुसऱ्या गाण्यापासून."

पलीकडे एक श्वास आत गेला आणि बाहेर येताना तुटला. साठ जणांपुढे ताठ उभी राहिलेली पोरगी रडायला लागली. त्या गावचीच होती ती. दोन उघड्या खिडक्यांच्या मधे तासभर बसणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मागून स्तोया मावशीचा आवाज आला, "तिला म्हणावं, रड हवं तेवढं, पण लवकर आटप. कुणीतरी खिडकी लावा रे, माझी मान धरलीये."